मलंगबाबांचा जनाजा : डिचोली तालुक्यातलं एक प्रकरण

आषाढातल्या एका गुरुवारी, दिवेलागणीला, डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातल्या एका गावात एक म्हातारे फकीर वारले. गाव त्यांना मलंगबाबा म्हणायचं. त्यांचं पाळण्यातलं नाव, मुलूख, आईबाप यांतलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. मय्यत होईल तितक्या लवकर मातीआड करावी असा इस्लामचा दंडक आहे. पण त्या रात्री दोन ठिकाणची माणसं बाबांच्या दफनावर हक्क सांगत होती आणि मशिदीतले काही जण त्यांच्या जनाजाची नमाज तरी पढावी का, असं विचारत होते.

गावाचं नाव आणि माणसांची नावं मी मुद्दाम गाळली आहेत. मी जवळच्या मराठी शाळेत शिकवतो. घरी लहानपणीच उर्दू वाचायला शिकल्यामुळे बाबांच्या झोळीतले कागद वाचायला मला बोलावणं आलं. त्या रात्री आणि पुढच्या चाळीस दिवसांत जे पाहिलं, ऐकलं, ते सविस्तर लिहितो आहे. मराठी वाचकाच्या मनात फकिराबद्दल माया आहे हे मला माहीत आहे. पण या मायेत एक समजूत दडलेली असते, की फकीर म्हणजे इस्लामच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला, अर्धा आपल्याकडे आलेला माणूस. या प्रकरणात मला वेगळंच दिसलं. बाबांवरून पेटलेला वाद इस्लामच्या आतला होता, हजारेक वर्षं जुना होता, आणि तो मिटला तोही शरियतच्या आधारानं.

तकिया

गोव्यात मुसलमान थोडे, २०११ च्या जनगणनेत ८.३३ टक्के. तसा इस्लाम इथं फार जुना. कदंब राजा पहिला जयकेशी याच्या १०५९ च्या ताम्रपटात अरबी वंशाच्या अधिकाऱ्याचा आणि त्याच्या मशिदीच्या खर्चाचा उल्लेख आहे. पण १५१० साली अल्बुकर्कनं गोवा घेतल्यावर जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या तिसवाडी, बारदेश, सासष्टीत, ती परंपरा तुटली. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांच्या हाती गेली ती १७८१-८२ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या रयतेला आपापले देवधर्म पाळायची मुभा मिळाली. जुन्या खुणा म्हणूनच इकडे सापडतात : फोंड्याची १५६० ची साफा मशीद, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याच्याशी जोडला जाणारा डिचोलीचा नमाजगा (सामूहिक नमाजेची जागा), आणि गावोगावचे बिननावाचे पीर.

आमच्या गावचा पीरही असाच बिननावाचा. चिऱ्यांचा चौथरा, वर हिरवी चादर, बाजूला तकिया म्हणजे फकिरानं राहायची एकखणी खोली. जागा एका हिंदू भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागायतीत. गावात गाऱ्हाणं घालताना ग्रामदेवता आणि राखणदाराबरोबर पिराचंही नाव घेतात. मुसलमानांची घरं बोटावर मोजण्याइतकी. मशिदीत ज्या बायकांना जाता येत नाही त्या गुरुवारी इथं येतात, ऊद-लोबान लावतात, बसून मन मोकळं करतात. मशीद शेजारच्या गावात, कबरस्तान तिच्यामागे.

मलंगबाबा इथं आले ते खाणी जोरात होत्या तेव्हा. काळी कफनी, गळ्यात मण्यांच्या माळा, हातात लोखंडी चिमटा, कमरेला कश्कोल (भिक्षापात्र), डोक्यावर कधीच न कापलेल्या जटा. त्यांनी तकियासमोर धुनी पेटवली आणि ती विझू दिली नाही. टिप्पर ट्रकवाले घाट चढण्याआधी इथं थांबून नाणं टाकत, कपाळाला अंगारा लावत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, कश्कोल रिकामा राहू लागला. बाबा गेले नाहीत. पसरकार (किराणावाला) पीठ-तांदूळ देई, बेकरीवाला उरलेले पाव. उद्यासाठी म्हणून त्यांनी कधी काही ठेवून घेतलं नाही. संध्याकाळी जे उरे ते वाटून टाकत. हे मी स्वतः पाहिलं आहे.

लग्न केलेलं नव्हतं. मशिदीत जमातीबरोबर नमाजेला ते कधी दिसले नाहीत. चिलीम ओढत. चिलमीत काय असे यावर गावात दोन मतं होती आणि दुसरं मत खोटं होतं असं मला म्हणता येणार नाही.

त्या रात्रीच्या मागण्या

पंच आणि भाटकाराचे थोरले चिरंजीव तकियावर आले तेव्हा ठरवूनच आले होते. बाबांना इथंच, पिराच्या शेजारी ठेवायचं. जागा आमची, आम्ही लिहून देतो. पंच गहिवरून म्हणाले, "मास्तर, बाबांना कसली जात नि कसला धर्म! ते साधूच होते. कफनीचा रंग तेवढा वेगळा."

दुसरी मागणी मुरिदाची, म्हणजे बाबांच्या शिष्याची. हा पूर्वी टिप्पर चालवायचा, खाणी बंद झाल्यावर बाबांपाशी राहिला, त्यांच्या हातावर बैअत, म्हणजे शिष्यत्वाची शपथ, घेतली. त्यानं बेळगावकडे फोन लावले आणि रात्री उशिरा तिकडून चार फकीर आले. त्यांचंही म्हणणं बाबांना तकियावरच दफन करावं, पण कारण वेगळं. फकीर जिथं बसला तिथंच त्याची माती, गादी तिथंच चालणार.

मशिदीच्या कमिटीत फूट होती. एका ज्येष्ठ सभासदानं सरळ विचारलं, की जो कधी सफेत, म्हणजे नमाजेच्या रांगेत, उभा राहिला नाही, ज्यानं सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा पायंडा, म्हणून लग्न केलं नाही, ज्यानं चिलीम सोडली नाही, त्या बेशरा, म्हणजे शरियत न पाळणाऱ्या, माणसाची नमाज मशिदीच्या इमामानं का पढावी? त्याचे फकीर आहेत, ते बघून घेतील. हा सभासद दुष्ट नाही. त्याच्या दोन भाच्यांना गांजाचं व्यसन लागलेलं त्यानं पाहिलं आहे, आणि तकियाकडे तो त्या नजरेनं बघत असे.

राहिले मौलाना. तरुण, देवबंदी धाटणीच्या मदरशात शिकलेले. गावातली पोरं त्यांना मागून वहाबी, म्हणजे पीर-दर्गे न मानणारा, म्हणत. चादर चढवणं, कबरीसमोर वाकणं, यांवर ते शुक्रवारच्या बयानात (प्रवचनात) वारंवार बोलत. बाबांची आणि त्यांची वर्षानुवर्षं बोलाचाल नव्हती. सगळ्यांना वाटलं होतं की हेच आडवे येणार.

इस्लामात संन्यास बसतो का?

ज्येष्ठ सभासदाच्या प्रश्नात तथ्य होतं, हे आधी मान्य करायला हवं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत, एक प्रसंग आहे. तिघे जण पैगंबरांच्या घरी त्यांच्या इबादतीची चौकशी करून आले आणि आपली इबादत कमी पडते असं वाटून त्यांनी निश्चय केले. एक म्हणाला, मी रात्रभर नमाज पढेन. दुसरा म्हणाला, रोज रोजा धरीन. तिसरा म्हणाला, बायकांपासून दूर राहीन, लग्न करणार नाही. पैगंबरांनी त्यांना सांगितलं, मी रोजा धरतो आणि सोडतोही, नमाज पढतो आणि झोपतोही, लग्नही करतो. माझ्या सुन्नतकडे पाठ फिरवणारा माझा नव्हे. कुराणाच्या ५७ व्या सूरेतही ख्रिस्ती मठवासाविषयी म्हटलं आहे, की तो त्यांनी स्वतःच काढला, आम्ही त्यांच्यावर घातला नव्हता. घरदार सोडणं हा आदर्श इस्लामनं मुख्य रस्ता म्हणून कधी दिला नाही.

पण त्याच मदिनेत, पैगंबरांच्या मशिदीच्या ओट्यावर, घर नसलेले, मिळेल ते खाऊन इबादतीत राहणारे सोबती होते, असहाबे सुफ्फा. पैगंबर त्यांना आपल्या ताटातलं देत. पुढे साम्राज्य वाढलं, दमास्कस-बगदादला महाल उठले, तेव्हा बसऱ्याचे हसन (मृत्यू ७२८) आणि राबिया (मृत्यू ८०१) यांनी त्या ऐश्वर्याला आपल्या राहणीनंच उत्तर दिलं. राबियानं लग्न केलं नाही, आणि तरी तिच्या मुसलमानपणावर कुणी बोट ठेवलं नाही. सूफी मार्गाची सुरुवात ही अशी. शरियत सोडायला कुणी निघालं नव्हतं. राज्य आणि पैसा आल्यावर शरियतच्या आतला जीव सुकतो आहे, ही त्या माणसांची तळमळ होती.

मग सूफींच्या आतच वाटा फुटल्या. बायझीद बिस्तामींचा मार्ग बेहोशीचा, बगदादच्या जुनैदांचा (मृत्यू ९१०) शुद्धीवर राहण्याचा. 'अनल-हक' (मीच सत्य) म्हणणाऱ्या हल्लाज या सूफीला ९२२ मध्ये बगदादला मारलं. ही गोष्ट आपल्याकडे सूफी विरुद्ध मुल्ला अशी सांगतात. पण त्याच्या बोलण्याला विरोध करणाऱ्यांत सूफीही होते, हे सांगायचं राहून जातं. गजाली हे बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक, आपल्या काळातले सर्वांत मोठे शरियत-पंडित. १०९५ मध्ये ते गादी सोडून निघून गेले, काही वर्षं फकिरीत राहिले आणि परतल्यावर त्यांनी शरियत आणि सूफी साधना एकाच इमारतीत बसवून दाखवली. पुढच्या शतकांत बहुतेक मुस्लिम जगात उलेमा (धर्मपंडित) आणि सूफी या दोन वेगळ्या टोळ्या राहिल्याच नाहीत. सकाळी फिकह, म्हणजे शरियतचं कायदेशास्त्र, शिकवणारा माणूस संध्याकाळी कादिरी किंवा चिश्ती सूफींच्या हलक्यात, म्हणजे बैठकीत, जिक्रला (नामजपाला) बसे.

या मोठ्या प्रवाहाच्या कडेला मात्र काही जण मुद्दाम काठावर राहिले : कलंदर, जे दाढी-मिशा-भुवयासुद्धा उतरवत, रिफाई, जे रातिब या विधीच्या वेळी अंगात सळया खुपसतात, आणि मदारी, म्हणजे शाह मदार या पिराच्या परंपरेतले, ज्यांच्यातले अविवाहित, जटाधारी ते मलंग. कायद्यानं चालणाऱ्यांना बाशरा आणि यांना बेशरा म्हणायची रीत पडली. वाचताना ही विभागणी सोपी वाटते, प्रत्यक्ष माणसासमोर ती लगेच विस्कटते. बाबा पहाटे धुनीपाशी एकटे नमाज पढत, असं मुरिदानं शपथेवर सांगितलं. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. मग ते बेशरा कसे ठरवायचे, आणि बाशरा तरी कसे?

देवबंदी मौलानांबद्दलचा गैरसमजही इथंच दूर करतो. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा उभारणाऱ्या पिढीतले मुहंमद कासिम नानौतवी आणि रशीद अहमद गंगोही हे दोघे हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की या चिश्ती-साबिरी पिराचे मुरीद होते. मुरिदी, जिक्र, नफ्साशी (स्वतःच्या वासनांशी) झगडा, हे सगळं त्यांना मान्य होतं. बरेलीच्या अहमद रझा खानांशी त्यांचा वाद पेटला तो उरूस, मजारीवरचे रिवाज, औलियांकडे (संतांकडे) मागणं मागणं यांवरून. म्हणजे भारतातल्या या दोन मोठ्या गटांत सूफींचा विरोधक असा कुणी नाही. सूफी कसं असावं, यावर भांडणारी दोन सूफी घराणीच ती. सूफी मार्गच नाकारणारे लोकही आहेत, पण आमच्या मशिदीत त्या रात्री त्यांच्यापैकी कुणी नव्हतं.

गुस्ल

मौलाना छत्री घेऊन तकियावर आले. दारातच चपला काढल्या, सलाम केला, बाबांच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला करून पाहिलं आणि पुन्हा नीट घातलं. ज्येष्ठ सभासदानं आपला प्रश्न पुन्हा मांडला. मौलानांनी मुरिदाला एवढंच विचारलं, "बाबा कलमा पढायचे?" तो म्हणाला, मरताना ओठ त्याच्यावरच हलत होते. मौलाना म्हणाले, "मग बाकीचा हिशेब आपल्याकडे नाही. जनाजा फर्जे-किफाया आहे, सगळ्या जमातीवरचं सामाईक कर्तव्य. कुणीच पढला नाही तर गुन्हेगार आपण सगळे, ते नव्हे."

हनफी कायदा, भारतातले बहुतेक सुन्नी मानतात तो, इथं अगदी स्पष्ट आहे. चारचौघांत पाप करणाऱ्याचीही जनाजाची नमाज पढायचीच. बंडखोर, वाटमारे असे मोजके अपवाद सोडले तर कोणताही मुसलमान या हक्काला मुकत नाही. ज्येष्ठ सभासद यावर काही बोलला नाही. तो घरी जाऊन कफनाचं कापड घेऊन आला.

गुस्ल, म्हणजे मय्यतीला अंघोळ, द्यायला तिघे बसले आणि जटांपाशी अडले. जटा कमरेखाली येत होत्या, घट्ट, शेणामातीनं बांधल्यासारख्या. पाणी आत जाईना. एकानं कात्री मागितली. बेळगावचे फकीर उठून उभे राहिले, मुरीद रडायला लागला. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर फकिरानं जटांची हकीकत सांगितली. शाह मदार, ज्यांचा दर्गा कानपूरजवळ मकनपूरला आहे, त्यांनी आपल्या लाडक्या शिष्याच्या, जमनजतीच्या, डोक्यावर हात ठेवला; पिराचा हात लागलेले केस कापायचे कसे, म्हणून त्यानं ते जन्मभर वाढू दिले, आणि त्याच्या वाटेनं जाणारे मलंग आजही वाढू देतात. केसांना हात लावाल तर पिराच्या हाताला हात लावाल, असं तो म्हणाला.

मौलानांना ही कथा पटली असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी कात्री ठेवायला सांगितली, आणि कारण दिलं ते स्वतःच्या पुस्तकातलं : हनफी मतानुसार मय्यतीचे केस कापत नाहीत, विंचरत नाहीत, नखंही काढत नाहीत. जसा आहे तसाच त्याला रबकडे पाठवायचा. फक्त पाणी मुळांपर्यंत जाऊ द्या, सावकाश ओता, बोटांनी चाचपा. बराच वेळ लागला. फकिरानं आपल्या हातानं एकेक जट उचलून धरली आणि मशिदीच्या माणसानं खाली पाणी सोडलं.

मी या जागेवर थांबतो, कारण या प्रकरणाचं मर्म इथंच आहे. जटा वाचवायला कुणाला उदार व्हावं लागलं नाही. कुणी शरियत बाजूला ठेवली नाही. एका बाजूला पिराचा स्पर्श होता, दुसऱ्या बाजूला फिकहचं कलम, आणि दोन्हींनी सांगितलेली गोष्ट एकच निघाली. आपण नेहमी असं बोलतो की कायदा कठोर आणि फकिरी प्रेमळ. त्या रात्री कायदाच जटांच्या रक्षणाला आला.

झोळीत एक कश्कोल, तसबीह (जपमाळ), सुई-दोरा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला शजरा सापडला. शजरा म्हणजे गुरुपरंपरेची यादी. मी तो मोठ्यानं वाचला. बाबांच्या मुर्शिदापासून (गुरूपासून) मागे मागे जात शाह मदारांपर्यंत, तिथून बायझीद बिस्तामींच्या घराण्यापर्यंत आणि शेवटी पैगंबरांपर्यंत. यादी वाचून होईपर्यंत पंच आणि भाटकाराचे चिरंजीवही हात जोडून बसले होते. संपल्यावर पंच हळूच म्हणाले, "म्हणजे बाबांचं घराणं होतं तर." घराणं होतं, आणि ते मक्का-मदिनेला जाऊन पोचत होतं.

दफन कुठे?

तकियात दफन करायचं की कबरस्तानात, हा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. ठरवून दिलेल्या जागेबाहेर दफन करायचं तर पंचायतीची परवानगी हवी. पंच ती मिळवायला तयार होते, पण त्यात दिवस गेले असते. गोव्यात कबरस्तानासाठी जागा मिळवताना मुसलमानांना काय सोसावं लागतं हे मडगावच्या सोनसडोचं लांबलेलं प्रकरण ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. एका फकिरासाठी वेगळी वाट काढली तर उद्या तीच कुणी आमच्यावर उलटवेल, अशी धास्ती कमिटीला होती. मौलानांचं म्हणणं होतं की बाबांना बाकीच्या मुसलमानांच्या रांगेत जागा मिळावी. वेगळं पाडणं हा मान नाही, असं ते म्हणाले. मला ते पटलं. वयस्कर फकिरालाही शेवटी पटलं. तो म्हणाला, जमिनीवर मलंग कधी हक्क सांगत नाही.

शुक्रवारी जुम्म्यानंतर जनाजा ठेवला. नमाजेआधी मौलानांनी रीतीप्रमाणे विचारलं, मय्यतीवर कुणाचं देणं आहे का? हा प्रश्न औपचारिक वाटतो, पण त्याच्यामागे एक हदीस आहे. एका मय्यतीवर तीन दिनारांचं कर्ज आहे हे कळल्यावर पैगंबर म्हणाले, तुमच्या सोबत्याची नमाज तुम्हीच पढा. अबू कतादा या सोबत्यानं ते कर्ज अंगावर घेतलं तेव्हा पैगंबर नमाजेला पुढे झाले. आमच्याकडे मशिदीच्या फाटकापाशी उभा असलेला हार्डवेअरवाला, हिंदूच, घुटमळत म्हणाला, की पिराच्या पायऱ्यांसाठी बाबांनी सिमेंट उधारीवर नेलं होतं, पण जाऊ दे, मला नको. मुरीद म्हणाला, मी फेडतो. मौलानांनी दोघांचंही ऐकून मुरिदाचं मान्य केलं. पुढे त्यानं ते हप्त्यानं फेडलं.

मौलानांचं बयान दोन-तीन मिनिटांचं झालं. सहीह मुस्लिममधली हदीस त्यांनी सांगितली : विस्कटलेल्या केसांचे, धुळीनं माखलेले, दारादारांवरून हाकलले जाणारे असे कितीतरी असतात, की त्यांनी अल्लाहची शपथ घेतली तर अल्लाह ती पुरी करतो. बाबा त्यांच्यापैकी होते असं ते म्हणाले नाहीत. नव्हते असंही म्हणाले नाहीत. मग चार तकबीर ('अल्लाहु अकबर'चे उच्चार) झाले, सलाम फिरवला. पहिल्या सफेत ज्येष्ठ सभासद आणि जटाधारी फकीर खांद्याला खांदा लावून उभे होते. बाहेर पावसात ट्रकवाले, पसरकार, भाटकाराच्या घरच्या बायका. मिरगापासून भिजलेली लाल माती ढासळत होती, म्हणून बगली (खड्ड्याच्या बाजूची कपार) न काढता सरळ खड्डा घेऊन वर फरश्या टाकल्या.

पंचांच्या वाक्याविषयी

"त्यांना कसला धर्म" हे पंचांचं वाक्य मनात घर करून राहिलं. ते प्रेमानंच म्हटलेलं होतं. आपल्या मराठी मनाला ही सवय जुनी आहे. दत्तानं मलंगाच्या रूपात येऊन एकनाथांना दर्शन दिलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कफनीच्या आत दुसरंच कुणी असणार, अशी अपेक्षा त्यामुळे तयार होते. ही नजर फक्त एका बाजूचीही नाही. १३४० च्या दशकात इब्न बतूता सिंदाबूर, म्हणजे आपल्या गोव्याहून पुढे निघाला, तेव्हा एका छोट्या बेटावर त्याला देवळाच्या भिंतीला टेकलेला, दोन मूर्तींच्या मधे बसलेला एक मौनी जोगी भेटला. अभ्यासक ते बेट म्हणजे कारवारजवळचं, आज गोव्यात मोडणारं अंजदीव असं मानतात. जोग्यानं त्याचे पैसे घेतले नाहीत, त्याच्या तसबीहचं चुंबन घेतलं, आकाशाकडे आणि मग किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, बोट दाखवलं. इब्न बतूतानं निष्कर्ष काढला, की हा लपलेला मुसलमान आहे. त्याला जोग्यात आपला माणूस दिसला, आपल्याला फकिरात आपला साधू दिसतो.

हे प्रेम नको असं मी म्हणत नाही. तकिया इतकी वर्षं चालला तो याच प्रेमावर. पण बाबांनी काळी कफनी घातली ती एका सिलसिल्याची (गुरुपरंपरेची) म्हणून, जटा राखल्या त्या एका मुसलमान वलीच्या (संताच्या) हाताची आठवण म्हणून, भूक सोसली ती कुराणातल्या अल्लाहसाठी. त्यांचा धर्म वजा केला तर त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याचं कारणच उरत नाही. ज्येष्ठ सभासद त्यांना बेशरा म्हणून बाहेर काढत होता आणि पंच त्यांना साधू म्हणून बाहेर घेऊन जात होते. दोघांच्याही बोलण्यात बाबांच्या वाट्याला त्यांचा स्वतःचा धर्म येत नव्हता.

त्याचबरोबर हेही लिहायला हवं, की चिलमीला मी फकिरीचं भूषण मानत नाही. नशा हराम आहे, आणि तिला मस्ती हे गोंडस नाव देणाऱ्यांनी तरुण पोरांचं नुकसान केलं आहे. त्या बाबतीत मी ज्येष्ठ सभासदाच्या बाजूचा आहे. बाबांच्या त्यागाचा आदर करायला त्यांची चिलीम पवित्र ठरवण्याची गरज नाही.

चाळीसाव्यानंतर

चाळीसाव्याला मुरिदानं कबरस्तानात कबरीभोवती विटा रचायला घेतल्या, वर संगमरवरी फरशी आणि छोटं छत घालायचा त्याचा बेत होता. कमिटीनं काम थांबवलं. दोघांच्याही हातात हदीस होती. कबर चुन्यानं बांधू नये, तिच्यावर इमारत उभारू नये असं सांगणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आणि पूर्वी मी तुम्हाला कबरींची जियारत (भेट) करू नका म्हणालो होतो, आता करत जा, ही हदीसही त्याच ग्रंथात आहे. मी मुरिदाला खुलताबादची आठवण दिली. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले, तिथं त्यांना पुरलं आणि त्यांच्यामागून ते गाव औलियांचं झालं. १७०७ मध्ये औरंगजेबाला तिथंच, जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. शरियतचा एवढा कडवा बादशहा, पण त्यानं माती मागितली ती सूफीच्या पायाशी, आणि कबर कच्ची, उघड्या आभाळाखाली. म्हणजे वलीच्या जवळ जाणंही मुसलमानाचंच आणि कबर साधी ठेवणंही मुसलमानाचंच. यावर मुरीद म्हणाला, "मास्तर, बादशहाला कच्ची कबर शोभते, कारण सगळ्यांना ती ठाऊक असते. माझ्या बाबांची दोन पावसाळ्यांत सापडणार नाही." त्याचं म्हणणं खोडून काढता येईना. शेवटी डोक्यापाशी आणि पायापाशी एकेक चिरा उभा करायचा, मधे माती, छत नाही, असं ठरलं. मुरीद समाधानी नाही. कमिटीतल्या दोघांना चिरेही नको होते.

गादीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. मुरीद लग्नाचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि मलंगाच्या जागेवर गृहस्थ बसू शकत नाही, असं बेळगावच्या फकिरांनी त्याला स्पष्ट सांगितलं. मदारी सिलसिल्यात लग्न करणाऱ्यांच्याही शाखा आहेत, पण ती गादी आणि ही गादी वेगळी. त्याच्या डोक्याला त्यांनी पगडी बांधली ती मुजावराची : झाडलोट करायची, चिराग लावायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचं, फातिहा पढायची. मुरिदी द्यायची नाही आणि धुनी पेटवायची नाही. गुरुवारी बायका येतात तशा येतात. मौलाना तकियावर येत नाहीत, पण मुरिदाचा मोठा मुलगा त्यांच्याकडे कुराण शिकायला जातो. धुनीसाठी दुसरा मलंग पाठवायचा की ती कायमची बंद करायची, हे मकनपूरला शाह मदारांच्या पुढच्या उरुसाला वडीलधारे फकीर जमतील तेव्हा ठरवतील. पंचायतीनं जागेबाबत आपला ठराव तोवर राखून ठेवला आहे.